कुत्रे कोणाचे? एका गावातील रेबीज लसीकरणाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील एका गावाचे आहे. गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, आणि ज्यावरून ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. मी त्या वेळी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी पशुवैद्य, म्हणून काम करीत होतो. गाव मध्यम आकाराचे होते: मधोमध गावठाण, भोवती शेतात विखुरलेल्या वस्त्या, आणि उत्तरेच्या माळावर मेंढपाळांचा वाडा. दूध हा घराघरातला रोखीचा आधार होता. कुत्रे जवळजवळ प्रत्येक वस्तीवर होते, कारण रात्री गोठ्याची राखण दुसरे कोण करणार?

पौष महिन्यात बाहेरून आलेल्या एका कुत्र्याने गावात धुमाकूळ घातला. ते एका शेतमजुराच्या पोटरीला चावले, दोन कुत्र्यांना चावले आणि एका वस्तीवरच्या दुभत्या म्हशीच्या नाकपुडीजवळ त्याने चावा घेतला. लोकांनी त्याच संध्याकाळी त्याला मारून ओढ्याकाठी जाळले. शेतमजुराला ग्रामीण रुग्णालयात नेऊन लस सुरू करण्यात आली, ही त्या दिवसातली एकच गोष्ट वेळेवर झाली. म्हशीच्या जखमेवर हळद आणि चुना लावण्यात आला. दवाखान्याला कोणी कळवले नाही, कारण जखम बोटाच्या पेराएवढी होती आणि तीन दिवसांत खपली धरली होती.

सुमारे सहा आठवड्यांनी म्हशीने वैरण सोडली. तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, पाणी घशाखाली उतरेना. घशात काहीतरी अडकले असावे असे वाटून मालकाने आणि शेजाऱ्याने आळीपाळीने तिच्या तोंडात हात घालून पाहिले. मला दुसऱ्या दिवशी बोलावणे आले. म्हशीचा आवाज घोगरा झाला होता, ती सारखी कुंथत होती आणि मागचे पाय लटपटत होते. सहा आठवड्यांपूर्वीच्या चाव्याची गोष्ट मी खोदून विचारल्यावरच बाहेर आली. चौथ्या दिवशी म्हैस मेली. कुत्र्याच्या वेळी नमुना घेण्याची संधी हुकली होती, ती या वेळी हुकू दिली नाही. मेंदूचा नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवला आणि रेबीजचे निदान पक्के झाले.

प्रश्न

अहवालाची बातमी पसरली आणि दुसऱ्याच सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर रांग लागली. त्या म्हशीचे दूध रतिबाने काही घरांत जात होते आणि उरलेले डेअरीला. त्यामुळे ज्यांनी ज्यांनी गेल्या महिन्यात चहा घेतला होता त्या सर्वांना इंजेक्शन हवे होते. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिवसभर तीच गोष्ट शांतपणे सांगितली: अशा जनावराचे दूध वापरू नये हे खरे, परंतु उकळलेल्या दुधात विषाणू जिवंत राहत नाही आणि दूध पिऊन माणसाला रेबीज झाल्याचा सिद्ध पुरावा नाही. खरा धोका होता तो तोंडात हात घालणाऱ्या दोघांना. हातांना भेगा पडलेल्या असताना त्यांच्या कातडीला लाळ लागली होती. त्यांना त्याच दिवशी लस आणि सोबत प्रतिपिंडांचे, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या तयार घटकांचे, इंजेक्शन देण्यात आले आणि पुढच्या तारखा लिहून दिल्या: तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. दोघांनीही चारही डोस पूर्ण केले.

त्या रांगेकडे पाहताना माझ्या लक्षात आले की गावाला रेबीज ठाऊक नाही असे मुळीच नव्हते. एक वयस्कर गृहस्थ लहानपणी पोटात घेतलेल्या चौदा इंजेक्शनांची आठवण सांगत होते. मेंढ्यांच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली, परंतु तिची धास्ती अजून घरोघर जिवंत आहे. लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही, हे तर शाळकरी मुलेही सांगत होती. इतकी जाणीव असूनही गावातल्या कुत्र्यांपैकी लस टोचलेली कुत्री बोटांवर मोजण्याइतकीच होती. स्वतःसाठी दिवसभर रांगेत उभा राहणारा माणूस कुत्र्याला वर्षातून एकदा टोचून का घेत नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न होता, आणि सुरुवातीला मी त्याचे उत्तर चुकीच्या जागी शोधले.

विचारात घेतलेले पर्याय

तातडीच्या ग्रामसभेत पहिली मागणी आली ती सगळी कुत्री मारून टाकण्याची. ज्यांची म्हैस गेली त्यांचा संताप मला समजत होता. परंतु सरसकट कुत्री मारणे कायद्याला धरून नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्याने रेबीज थांबत नाही. जी कुत्री मारली जातात त्यांची जागा काही महिन्यांत बाहेरून आलेली आणि नवी पिले घेतात, आणि त्यांतले एकही टोचलेले नसते. जगात माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तीच संघटना त्यावरचा उपाय म्हणून कुत्र्यांपैकी किमान ७० टक्क्यांच्या लसीकरणाचा आग्रह धरते. टोचलेले, परिसर राखणारे कुत्रे हे गावाभोवतीचे कुंपण असते. ते मारले तर कुंपणच काढल्यासारखे होते. हे मी सभेत याच शब्दांत मांडले, आणि ‘कुंपण’ हा शब्द लोकांनी उचलला.

दुसरा पर्याय सरपंचांनी सुचवला: लस न टोचणाऱ्या मालकाला ग्रामपंचायतीने दंड करावा. कागदावर तो चांगला दिसत होता. पोलीस पाटलांनी मात्र तिथल्या तिथे एक गोष्ट सांगितली जी मला पुढे फार उपयोगी पडली. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, दंडाचं नाव काढलं की उद्या गावात एकाही कुत्र्याला मालक राहणार नाही.” दंडाचा विचार आम्ही सोडून दिला.

मग उरले ते लसीकरणाचे मार्ग. दवाखान्यात शिबिर घ्यावे, गावात एका जागी घ्यावे, की घरोघर जावे? घरोघर जाण्यास माणसे आणि दिवस अधिक लागणार होते. माझ्याकडे एक पशुधन पर्यवेक्षक आणि एक परिचर होता. म्हणून पहिले शिबिर दवाखान्याच्या आवारातच घ्यायचे ठरले. हा निर्णय माझ्या सोयीचा होता, गावाच्या नव्हे. लसीच्या खर्चाची वाट ग्रामपंचायतीने स्वनिधीतून काढली आणि लस मोफत ठेवली. इथे मात्र आमचा निर्णय बरोबर ठरला. थोडी तरी फी ठेवावी, फुकटाची किंमत नसते, असे एका सदस्याचे मत होते. परंतु ज्या घरात तीन कुत्री आहेत ते घर फी असल्यास एकच कुत्रे आणते, आणि बाकीची दोन मोकळीच राहतात.

पहिले शिबिर

आदल्या दिवशी दवंडी दिली, शाळेत मुलांना सांगितले, मंदिराच्या ध्वनिक्षेपकावरून दोनदा पुकारा केला. शिबिराची वेळ सकाळी दहा ते दोन. दिवसअखेर ११ कुत्री आली. त्यांतली सात एका वाड्यातल्या दोन भावांची आणि शिक्षकांच्या घरची होती, ज्यांच्याकडे साखळ्या होत्या.

मी निराश झालो, आणि पहिला विचार मनात आला तो हाच की लोकांना गांभीर्य नाही. पर्यवेक्षक, जे याच भागातले होते, त्यांनी मला संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसवून घेतले आणि लोकांशी बोलायला लावले. तिथे मला जे ऐकायला मिळाले त्यात अज्ञान फार थोडे होते. दहा ते दोन या वेळात सगळे शेतात असतात. दवाखाना काही वस्त्यांपासून चार किलोमीटर दूर आहे, आणि जे कुत्रे जन्मात कधी दाव्याला बांधलेले नाही ते मोटारसायकलवर कसे आणायचे? रस्त्यात दुसऱ्या वस्त्यांची कुत्री अंगावर येतात. एकाने सरळ सांगितले की कुत्रा त्याचे ऐकतो, पण गळ्याला हात लावू देत नाही, आणि धरायला गेला तर तोच चावेल. लस टोचल्यावर कुत्र्याची धार जाते आणि ते राखण करीत नाही, ही समजूतही निघाली, तशीच गाभण कुत्रीला टोचू नये ही दुसरी. दोन्ही समजुती चुकीच्या होत्या. लसीतला विषाणू मृत असतो. तिने कुत्र्याचा स्वभाव बदलत नाही आणि गाभण कुत्रीलाही ती देता येते. परंतु नीट विचारल्यावर कळले की या समजुती बोलताना पुढे केल्या जात होत्या, आणि खरी अडचण ‘धरणार कोण’ ही होती.

त्याच टपरीवर एका तरुणाने सांगितलेली गोष्ट मला जास्त लागली. तो मागच्या वर्षी स्वतःहून कुत्रे घेऊन दवाखान्यात आला होता. लसीची बाटली दहा डोसांची असते आणि एकदा उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते. म्हणून त्याला सांगण्यात आले होते की अजून काही कुत्री जमली की या. तो परत आला नाही. ज्याला कोणाच्याही उपदेशाविना लस हवी होती, त्याला आमच्याच हिशेबाने माघारी पाठवले होते.

दुसरा प्रयत्न: डेअरीचा कट्टा

गावात रोज सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी याच सुमारास एक जागा गजबजते, ती म्हणजे दूध संकलन केंद्र. किटल्या घेऊन येणाऱ्या माणसांच्या मागे त्यांची कुत्रीही चालत येतात. आठवड्याने आम्ही शिबिर तिथेच, दुधाच्या वेळेला ठेवले. संस्थेच्या सचिवांनी दुधाच्या पावतीसोबत लसीचे कार्ड द्यायचे कबूल केले. लस बर्फाच्या पेटीत दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये ठेवली होती. चौदा इंजेक्शनांची आठवण सांगणारे ते गृहस्थ स्वतःचे कुत्रे घेऊन सगळ्यांच्या आधी आले आणि लोकांसमोर त्यांनी त्याला टोचून घेतले. माझ्या दहा भाषणांनी जे झाले नसते ते त्या पाच मिनिटांत झाले. दोन सकाळींत ४३ कुत्री झाली.

याच शिबिरात एक अपघात घडला, आणि तो लपवणे योग्य होणार नाही. शाळेत सांगितल्यामुळे मुले उत्साहाने कुत्री घेऊन आली होती. बारा वर्षांच्या एका मुलाने आणलेल्या कुत्र्याने सुई पाहून झटका घेतला आणि मुलाच्या मनगटाला दात लागून कातडी फाटली. जखम तिथेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली, मुलाला आरोग्य केंद्रात नेऊन उपचार सुरू केले आणि ते कुत्रे दहा दिवस बांधून निरीक्षणाखाली ठेवले. कुत्रे ठणठणीत राहिले. मुलाच्या आईने मला काही बोल लावला नाही, तरी चूक माझीच होती. कुत्र्याच्या चाव्याला मुले सर्वाधिक बळी पडतात हे मला माहीत असताना, मुलांनी कुत्री आणू नयेत, मोठ्यांनाच बोलवून आणावे, एवढे साधे वाक्य मी शाळेत बोललो नव्हतो.

तिसरा प्रयत्न: घरोघर

डेअरीला येणारी कुत्री झाली. न येणारी राहिली. त्यांच्यासाठी घरोघर जाण्यावाचून इलाज नव्हता. गोव्यात जाळी आणि हाताने धरणारी पथके गल्लोगल्ली फिरून मोठ्या प्रमाणावर लसीकरण करतात हे मला माहीत होते. तेवढे बळ आमच्याकडे नव्हते. शेजारच्या दोन दवाखान्यांतील सहकाऱ्यांना विनंती करून, दोन जाळ्या मिळवून आणि एका आशाताईंना सोबत घेऊन आम्ही चार दिवसांचा बेत केला. जी माणसे कुत्री हाताळणार होती त्यांनी आधी स्वतः प्रतिबंधक लस घेतली होती.

पहिल्या दिवशी मी प्रत्येक दारात विचारत होतो, “तुमच्याकडे कुत्रा आहे का?” उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असे येत होते, आणि ते उत्तर देणाऱ्याच्या पायाशी कुत्रे शेपूट हलवत उभे असे. ते खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. त्यांच्या लेखी कुत्रा असणे म्हणजे तो विकत किंवा मागून आणणे, त्याला नाव ठेवणे, बांधणे. जे आपले आपण येऊन अंगणात बसते आणि उरलीसुरली भाकरी खाते ते गावचे कुत्रे. शिवाय ते उद्या कोणाला चावले तर भरपाई कोण देणार, ही भीती होतीच. पोलीस पाटलांनी सभेत सांगितलेले तेच होते, फक्त दंडाविनाही ते खरे होते. मारलेले ते बाहेरचे कुत्रे गावातल्या ज्या दोन कुत्र्यांना चावले होते, त्यांच्यापैकी एक पंधरा दिवसांत दिसेनासे झाले होते. ते कोणाचे होते हे मी अनेकदा विचारूनही कोणी सांगितले नव्हते. आता मला कळले की त्या प्रश्नाला गावाकडे उत्तरच नव्हते.

आशाताईंनी दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. पुरुषांना विचारण्याऐवजी त्या चुलीपाशी बसलेल्या बाईंना विचारू लागल्या, “काकी, राच्च्याला दारात कुठलं बसतं? भाकरी कुनाला टाकता?” आणि उत्तरे धडाधड येऊ लागली. काळे, कान फाटलेले. ढवळी, जिला आत्ताच पिले झाली. एकाच कुत्र्याला तीन घरे भाकरी टाकत होती हेही कळले. मग त्यातल्या ज्या बाईच्या हाकेला ते येते तिनेच ते बोलवायचे, भाकरीचा तुकडा पुढे करायचा आणि आम्ही मागून टोचायचे. जाळी लागली ती थोड्याच कुत्र्यांना. एका म्हातारबाईंनी कुत्र्याच्या मानेला मिठी घालून आम्हाला सांगितले की ते त्यांचे नाही, आणि टोचून झाल्यावर त्याच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवत राहिल्या.

त्या संध्याकाळी आम्ही कार्डावरचा ‘मालकाचे नाव’ हा शब्द खोडून ‘सांभाळणारे’ असे लिहिले. एवढ्या एका शब्दाने कार्ड घ्यायला कोणी नकार देईना. मालकी ही जबाबदारीची आणि भांडणाची गोष्ट वाटते. सांभाळणे मात्र घराला कमीपणा आणत नाही. लस टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या कपाळावर आम्ही रंगाची खूण केली. दुसऱ्या दिवशी न रंगलेल्या कुत्र्याकडे बोट दाखवून बायका एकमेकींना विचारू लागल्या, तेव्हा आमचे निम्मे काम त्यांनीच घेतले होते.

परिणाम

घरोघरच्या फेरीत ६८ कुत्री झाली, आधीची धरून एकूण १२२. पाचव्या दिवशी पहाटे, माणसे बाहेर पडण्याआधी, आम्ही दोन मोटारसायकलींवरून गावठाण आणि वस्त्यांतून फिरलो आणि दिसणारी कुत्री मोजली. दर दहा कुत्र्यांत सुमारे सातांच्या कपाळावर रंग होता. ही मोजणी ढोबळ आहे. शेतात झोपलेली कुत्री आणि बिळात असलेली पिले तिच्यात येत नाहीत. पुढच्या वर्षभरात गावात जनावराला किंवा माणसाला रेबीज झाल्याची नोंद झाली नाही. तेवढ्यावरून यशाचा दावा मी करणार नाही, कारण एका गावातले एक वर्ष हा फार लहान पुरावा असतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही दवाखान्यातले शिबिर घेतलेच नाही. डेअरीचा कट्टा आणि घरोघर फेरी एवढेच ठेवले. डेअरीवर पहिल्या वर्षीपेक्षा अधिक कुत्री आली, आणि त्यातली बरीच कार्डासकट आली.

काय वेगळे करता आले असते

पहिली चूक पिलांच्या बाबतीत झाली. तीन महिन्यांखालील पिलांना आम्ही पहिल्या वर्षी टोचले नाही आणि नंतर आणा असे सांगितले. नंतर कोणी आणले नाही. घरी एकट्या पिलाचा विचार करताना तीन महिन्यांचा नियम ठीक आहे, परंतु सामूहिक मोहिमेत समोर आलेले प्रत्येक कुत्रे, पिलासकट, टोचावे, असाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पावसाळ्यानंतर विणी झालेली असते, म्हणजे पौष-माघात गावात पिलेच पिले असतात. पुढच्या वर्षीचे न टोचलेले कळप आम्ही आमच्याच हाताने सोडून दिले.

दुसरी चूक मेंढपाळांच्या वाड्याची. दिवाळीनंतर कळप कोकणाकडे आणि नदीकाठच्या पट्ट्यांत जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची कुत्री सोबत असतात, गावोगाव फिरतात, रानातल्या कोल्ह्या-लांडग्यांशी झुंजतात. ज्यांना लसीची गरज सर्वाधिक तीच आमच्या तारखांत गावात नव्हती. आता त्यांच्यासाठी ज्येष्ठात, कळप परतल्यावर, वेगळी फेरी ठेवली आहे. पहिल्या फेरीला वाड्यावरच्या कर्त्या माणसाने स्वतः कुत्री धरून दिली. त्या कुत्र्यांना दुसऱ्या कोणीही हात लावू शकले नसते.

तिसरी गोष्ट म्हणजे म्हशीच्या चाव्याची खबर आमच्यापर्यंत पोहोचलीच नाही. ती त्याच दिवशी कळली असती तर म्हशीला चाव्यानंतरचे डोस देऊन पाहता आले असते आणि दोन माणसांनी तिच्या तोंडात हात घातला नसता. आता दुधाच्या पावतीच्या मागे दवाखान्याचा क्रमांक छापलेला आहे, आणि जनावराला कुत्रे चावल्याचे निरोप येऊ लागले आहेत.

आणि ती दहा डोसांची बाटली. माघारी गेलेल्या त्या तरुणाची गोष्ट ऐकल्यावर आम्ही पर्यवेक्षकांसह हिशेब मांडला. बाटलीतले नऊ डोस वाया गेले तरी तो खर्च, चावलेल्या एका माणसाच्या चार फेऱ्या, प्रतिपिंडांचे इंजेक्शन आणि बुडालेली मजुरी यांच्यापुढे फार मोठा नाही. बुधवारी आमच्याकडे आठवडी बाजार असतो आणि लांबच्या वस्त्यांवरची माणसेही त्या दिवशी येतात. त्या दिवशी एक जरी कुत्रे आले तरी आम्ही बाटली उघडतो. तो तरुण तिसऱ्या बुधवारी आला. सोबत स्वतःचे एक कुत्रे होते, आणि शेजारच्या म्हातारबाईंचे, त्यांचे नसलेले, दुसरे.